कोलू पाटलाचं पाणी, चितमपल्लींची पाखरं

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या शिवारात या दिवसांत सोयाबीन घरात आलेलं असतं, तूर फुलोऱ्यावर असते, हरभऱ्याची पेरणी उरकत आलेली असते. आसपासच्या तळ्यांवर तोवर नवखे पाहुणे उतरायला लागलेले असतात. सप्ताहाची दोन्ही टोकं म्हणजे दोन जन्मदिवस आहेत. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा, त्यांचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा. १९३२ साली सोलापुरात, तेलुगू बोलणाऱ्या घरात हा मुलगा जन्मला आणि पुढे अख्ख्या मराठी मुलखाला रानातल्या पाखरांची ओळख करून देणारा माणूस झाला.

साखऱ्याच्या वाचकाला ही गोष्ट सांगण्यात मला विशेष आनंद आहे, कारण आपल्या हिंगोली जिल्ह्यात जंगल फार नाही. जंगलात नोकरी, वाघांचा प्रकल्प, राष्ट्रीय उद्यान हे सगळं विदर्भातल्या लोकांचं, असं आपल्याकडच्या पोराला सहज वाटून जातं. पण सोलापूर तरी कुठे अरण्याचा जिल्हा! कमी पावसाचा, माळरानाचा, हातमाग आणि गिरण्यांच्या भोंग्यांचा तो मुलूख. चितमपल्लींना पाखरांची आणि झाडांची पहिली ओळख झाली ती आईकडून आणि मामांकडून. पुढे कोइमतूरच्या वन महाविद्यालयात रीतसर शिक्षण झालं आणि वनखात्याची नोकरी लागली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी नावं त्यांच्या चाकरीशी कायमची जोडली गेली. कर्नाळा हे राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. मेळघाट हा देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक; तिथे ते उपसंचालक होते. २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी देह ठेवला.

या सगळ्या मुक्कामांपैकी मला थांबायचं आहे ते नवेगावबांधला. वन्यजीव राखणं, पाणी राखणं आणि लोकांसाठी उद्यान राखणं ही सरकारी कागदावर तीन निराळी कामं असतात, निराळ्या खात्यांची. नवेगावबांधला उभं राहिलं की ती तिन्ही एकाच कामाची अंगं आहेत हे डोळ्यांना दिसतं.

नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. चहूकडे डोंगर आणि मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे निसर्गनिर्मित सरोवरच वाटतं. तसं ते नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने बांधलेला हा तलाव आहे. भोवतीच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालायला या सातजणींनीच कोलू पाटलाला हात दिला असं सांगतात. कोलू पाटलाचाही पुढे देव झाला. कोलासूर या नावाने डोंगरावर त्याचं ठाणं आहे. पाणी अडवणाऱ्या माणसाची गावाने पूजा करावी, याहून मोठा सन्मान मला तरी माहीत नाही.

या कामातली अक्कल नीट समजून घेण्यासारखी आहे. भंडारा-गोंदियाचा खडक जुना आणि कठीण. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणासारखा नाही. पाऊस हिंगोलीच्या दीडपटीच्या आसपास पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. भात पिकवायचा तर पावसाने ओढ दिलेल्या आठवड्यांत पाणी हाताशी हवं. कोहळी समाजाने यावर काढलेला तोडगा म्हणजे तलाव. दोन डोंगरांमधली अशी चिंचोळी खिंड हेरायची, की तिथे थोड्या लांबीची मातीची पाळ घातली तरी मागे पाणी दूरवर पसरेल. जादा पाणी पाळ फोडून जाऊ नये म्हणून कडेला त्याला वाट ठेवायची. तिला तिकडे सलंग म्हणतात. शेताला पाणी सोडायच्या दाराला तुडूम म्हणतात. पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधी आणि किती सोडायचं हे पाहायला गावाने नेमलेला पाणकर असतो. डोळ्यांचा अंदाज, पावसाळ्यात पाणी कुठून कसं वाहतं याची वर्षानुवर्षांची पाहणी आणि हजारो हातांनी वाहिलेली माती, एवढ्या भांडवलावर या मंडळींनी पूर्व विदर्भात हजारो तलाव उभे केले. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देऊन टाकायची रीत ठेवली होती, असं तिकडे सांगतात. पाण्याची सोय करणाऱ्याला पाण्याखालची जमीन मिळणार असेल तर तलाव का नाही होणार!

कोलू पाटलाने तलाव बांधला तो भातासाठी. पाखरांचा विचार त्याच्या मनात असेल असं म्हणायला काही आधार नाही. पण त्याने जे केलं त्यात पाखरांची सोय आपोआप झाली, आणि ती कशी झाली हा मला या सगळ्या कथेतला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो.

मातीच्या अशा तलावाचा तळ पाळीपाशी खोल असतो आणि दुसऱ्या टोकाला हळूहळू चढत जातो. तिथे पाणी गुडघाभर, मग घोटाभर, मग नुसता चिखल. भाताला पाणी सोडलं आणि ऊन तापायला लागलं की पाणी मागे सरकतं, आणि दररोज थोडा नवा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात गोगलगायी, अळ्या, किडे, पाणगवताचं बी आणि कंद असतात. म्हणजे रोज नवं ताट वाढलेलं, तेही अगदी काठाला. पंगतीत जसा ज्याचा त्याचा पाट ठरलेला असतो, तशी इथे पायांच्या आणि चोचींच्या लांबीवर जागा ठरते. इवलासा टिलवा ओल्या चिखलावर तुरुतुरु धावत वरवरचं टिपतो. त्याच्यापुढे तुतवार, जरा लांब चोचीचा. त्याही पुढे गुलाबी काड्यांसारख्या पायांवर उभा शेकाट्या. पाणी त्याच्या गुडघ्यांच्या वर आलं तरी पोट कोरडं. मग चमचा, अर्धवट उघडलेली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालणारा; चोचीला काही लागलं की ती मिटते. त्याच्याही पुढे बदकं. चक्रांग बदक लहान मानेचं, म्हणून उथळात डोकं खाली शेपूट वर करून चरतं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून तेच आसन घालून ते वीतभर अधिक खोलातलं खातं. थापट्याची चोच रुंद, तिच्या कडेला बारीक दातेरी चाळणी. पाणी आत घेऊन बाहेर सोडताना त्यातलं सूक्ष्म अन्न तो गाळून घेतो. आणखी आत गेलं की लालसरी, जी सबंध बुडी मारून तळाशी जाते.

कमळाच्या पानांवर मात्र या कोणाचीच सत्ता चालत नाही. तिथे कमळपक्षी असतो. त्याच्या पायांची बोटं इतकी लांब की अंगाचं वजन पानभर पसरतं आणि पान बुडत नाही. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं बापाच्या वाट्याला. हे सगळं पाण्यावर तरंगणाऱ्या पानांच्या गादीवर चालतं.

आता एका पाहुण्याविषयी. पट्टकादंब नावाचा हंस मंगोलिया आणि तिबेटच्या पठारांवर अंडी घालतो आणि थंडीत भारतात उतरतो. जायकवाडीच्या पाण्यावर त्याचे थवे दिसतात, पूर्वेकडच्या तलावांवरही दिसतात. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. मध्ये हिमालय आहे, आणि हा पक्षी तो ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी पाठीवर यंत्रं बसवून त्यांचा माग काढला तेव्हा एका हंसाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. गिधाडासारखं पंख पसरून वाऱ्यावर तरंगणं याला जमत नाही. सगळी वाट पंख मारत जायची. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरतं, फुप्फुसं आणि हृदय त्याच बेताची असतात. शिवाय तो रात्री आणि पहाटे उडतो, कारण तेव्हा हवा थंड, म्हणून जरा दाट असते. परतीच्या प्रवासात भारताच्या सपाटीवरून हिमालयाचा चढ तो सात-आठ तासांत चढून जातो. हा इतका मोठा खटाटोप कशासाठी, तर आपल्याकडच्या तळ्याकाठच्या कोवळ्या गवतासाठी आणि हिवाळ्यातल्या शांत पाण्यासाठी.

तलाव पाखरांचा झाला, पण तो तसा राहायला हवा तर भोवतीचं रान राखायला हवं. डोंगरावरची झाडी गेली की पहिल्याच पावसात माती खाली येते, तळ गाळाने भरतो, पाणी लवकर आटतं. तलावाला पाणी डोंगर देतो आणि गाळही डोंगरच देतो. दोन्हींमधलं माप झाडीच्या हातात असतं. नवेगावच्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, क्षेत्र १३३.८८ चौरस किलोमीटर. शेजारचं नागझिरा १९७० पासून अभयारण्य होतं. पुढे २०१३ साली हा पट्टा एकत्र येऊन नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला.

अशा ठिकाणी वनाधिकाऱ्याचा दिवस कसा जातो? होळीच्या आधी जाळरेषा काढून घ्यायच्या: पानगळीचा पट्टा स्वतःच जाळून टाकायचा, म्हणजे वणवा आला तर त्याला पुढे खायला काही उरत नाही. उन्हाळ्यात पाणवठे जिवंत ठेवायचे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या जनावरांची मोजदाद करायची. बीटवरच्या वनरक्षकाला सोबत घेऊन पायी फिरायचं, फासे आणि तारा शोधायच्या, तोडलेल्या खोडांचा पंचनामा करायचा. यातलं बरंचसं काम एकसुरी आणि अंगमेहनतीचं. अशा नोकरीत चितमपल्लींनी एक गोष्ट अखंड केली: पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहून ठेवलं.

ऐकलेलं, हे मी मुद्दाम म्हणतो. रानाचं ज्ञान ज्यांच्यापाशी असतं ती माणसं लिहीत नाहीत. गोंड, कोरकू, तलावांवर मासे धरणारे ढिवर, गुराखी, वनमजूर. यांच्याजवळ बसून, त्यांच्या बोलीतली नावं जशीच्या तशी टिपून घेणारा साहेब विरळा. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे असेच त्यांचे सोबती आणि एका अर्थी गुरू. तलावाची आणि जंगलाची बारीकसारीक माहिती त्यांना मुखोद्गत. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक या सहवासातून आलं. त्यांच्या पक्षीकोशात एकेका पाखराची नावं संस्कृतपासून बोलीभाषांपर्यंत शेजारी शेजारी येतात, ती या टिपणांच्या बळावर. एखाद्या ढिवराने उच्चारलेलं नाव आणि ग्रंथात सापडलेलं नाव त्यांनी एकाच मानाने लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांच्या लेखनात लोकसमजुती आणि प्रत्यक्ष निरीक्षण जवळ जवळ बसलेली असतात, आणि चौकस वाचकाने ती वेगळी करत वाचायला हवीत असं माझं मत आहे. पावसाचंच पाहा. कावळ्याने आंबा, करंज अशा झाडावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी, ही समजूत ते सांगत, आणि मृगाच्या तोंडावर वर्तमानपत्रं ती छापत. तिच्या भरवशावर पेरणी करावी असं मी कोणाला म्हणणार नाही. पण चातकाची गोष्ट निराळी आहे. डोक्यावर तुरा असलेला हा काळा-पांढरा पक्षी खरोखरच नैऋत्येच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून आपल्याकडे येतो, आणि त्याचं येणं मोसमी पावसाशी जुळलेलं असतं. वारा त्याला समुद्रावरून साथ देतो. पाऊस पडला की सुरवंट उपजतात, ते त्याचं खाणं. आणि त्याच सुमाराला सातभाईंची घरटी असतात, ज्यांत तो अंडं टाकतो. लोकांनी शेकडो वर्षं बरोबरच पाहिलं होतं. कारण मात्र उशिरा कळलं. म्हणून लोकांकडून ऐकलेलं फेकून न देता टिपून ठेवण्याचं मोल मोठं आहे. त्यातलं काय खरं ठरेल हे आधी सांगता येत नाही.

कोलू पाटलाच्या तलावांवर पुढे वाईट दिवस आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, संपली, तिच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले, लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणं, पाणकर नेमणं या कामांना धनी उरला नाही. गाळ साचला, काठांवर बेशरम माजली. देशी माशांची संख्या घटली आणि ढिवरांच्या घरात चूल अडली.

इथून पुढचं काम चालू काळातलं आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजासोबत तलाव पुन्हा जिवंत करण्याचं काम केलं, आणि त्यात बायका पुढे आल्या. पद्धत ऐकायला साधी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची. कोरडा तळ नांगरून भुसभुशीत करायचा. मग चांगल्या तलावातून देशी पाणवनस्पती आणून लावायच्या: काही पाण्याच्या आत राहणाऱ्या, काही पानं तरंगवणाऱ्या, काही काठाच्या चिखलातल्या. देवधान, म्हणजे रानातला भात, हीही त्यातलीच. पाण्यात रोपं लावायची म्हणजे छातीभर पाण्यात उभं राहून एकेक मूळ पायाने चिखलात दाबायचं. वनस्पती धरल्या की माशांना अंडी घालायला आडोसा मिळतो, पिल्लांना लपायला जागा मिळते, कोवळी पानं आणि कंद खायला बदकं येतात. ज्या बायकांनी हे केलं त्या कोणत्याही वन्यजीव प्रकल्पाच्या पगारी नोकर नव्हत्या. त्यांना मासे हवे होते. पाखरं त्यामागे आली.

याच मुलखात सारस आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, पुरुषभर उंचीचा, लाल डोक्याचा. जोडी भाताच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळात गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालते. महाराष्ट्रातले सारस आता जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारी उरले आहेत, आणि त्यांची संख्या अगदी थोडी आहे. वाघाला जंगलाची हद्द आखून देता येते. सारसाला मात्र शेतकऱ्याचा भात लागतो, मामा तलावाचा काठ लागतो आणि बांधीतलं घरटं न मोडणारा शेतकरी लागतो. त्यामुळे सारस राखणं हे उद्यानाच्या फाटकाबाहेरचं काम आहे, आणि मला ते वाघ राखण्याहून अवघड वाटतं.

आपल्याकडे सात बहिणींसारखे डोंगर नाहीत, कोहळ्यांची परंपराही नाही. पण पाणी आहे. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. त्यातल्या इसापूरच्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जाही आहे. कयाधूच्या खोऱ्यात लहान तळी आहेत, आणि मराठवाड्यात १९७२च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या मजुरांनी खोदलेले पाझर तलाव गावोगावी आहेत. पाझर तलावाचं काम विहिरींना पाणी देणं, कारण आपला खडक भेगांमधून पाणी पिऊन घेतो. म्हणून हे तलाव लवकर उतरतात, आणि उतरत्या पाण्याचा काठ इथेही रोज उघडा पडतो. जलाशयांच्या कडेला, पाणी सरकेल तशी, लोक गाळपेर करतात. तिथेच शेकाट्या आणि तुतवार उभे असतात. त्यांना ओलसर, उघडा, शांत चिखल पुरतो.

साखऱ्याच्या एखाद्या पोराला चितमपल्लींच्या वाटेने जायचं असेल तर सुरुवात सोपी आहे. तळ्याच्या कडेला एक खुंटी ठोकायची, पाणी तिच्यापासून दर आठवड्याला किती पावलं मागे गेलं ते लिहायचं, आणि त्या दिवशी घोटाभर पाण्यात कोण होतं, गुडघाभर पाण्यात कोण होतं, ते समोर मांडायचं. आजीला त्या पाखराचं नाव विचारायचं आणि ती सांगेल तेच नाव आधी लिहायचं. जूनमध्ये चातक पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओरडला आणि पेरणीजोगा पाऊस कोणत्या तारखेला झाला, या दोन तारखा शेजारी शेजारी टिपायच्या. दहा पावसाळे झाले की त्या वहीतून साखऱ्यापुरतं सांगता येईल की चातक पावसाच्या किती दिवस आधी येतो, आणि कोणत्या वर्षी त्याचा अंदाज चुकला.